अंधारात उठणारी माणसं

आरेतल्या माणसाला पत्ता विचारला, तर तो आजही रस्त्याचं नाव सांगत नाही. ‘युनिट नंबर 7’ किंवा ‘युनिट नंबर 22’ म्हणतो. मुळात हे नंबर म्हशींच्या तबेल्यांचे. माणसांनी ते आपल्या पत्त्यात घेतले आणि पिढ्या गेल्या तरी सोडले नाहीत.

मुंबईतली आरेची ही दूध वसाहत उभी राहिली 1949 मध्ये. त्याआधी मुंबईच्या म्हशी शहरातच होत्या. दाट वस्तीत, गटारांच्या कडेला त्यांचे तबेले असत. दुधात पाणी घालणं नित्याचं होतं. मिल्क कमिशनर दारा खुरोडी यांनी गोरेगावच्या टेकड्यांवर सुमारे 1,287 हेक्टर जागेत तबेले बांधून घेतले आणि जवळपास 16,000 जनावरं तिथे हलवली. 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंनी इथे रोप लावलं. या रचनेतला शहाणपणाचा भाग असा, की म्हशी सरकारच्या झाल्या नाहीत, त्या मालकांच्याच राहिल्या. गोठा, पाणी आणि दुधाची खरेदी सरकारने पाहायची, जनावर मात्र त्याला ओळखणाऱ्या माणसाच्या हाती राहायचं.

म्हैस ओळखणं ही पुस्तकातून येणारी गोष्ट नाही. दिवस उजाडायच्या आत धारा काढायच्या. आधी रेडकू लावायचं, मग कासेला पाणी लावून सडांवरून हात फिरवायचा, आणि पान्हा उतरेपर्यंत थांबायचं. हात नवा असला, घाई झाली, कुणी खेकसलं, तरी म्हैस पान्हा चोरते. बादली रिकामी राहते आणि नुकसान त्याच दिवशी कळतं. नव्या गड्याला म्हणून कुणी उपदेश करत बसत नसे. त्याला शेजारी उकिडवं बसवायचे आणि जुन्या गड्याचे हात बघायला लावायचे.

दूध बाटल्यांत भरून शहरात निघे तेव्हा बाकीची मुंबई झोपलेली असे. पण आरेच्या दूध केंद्रांपुढे रांग लागायला सुरुवात झालेली असायची. घराघरांत दुधाचं कार्ड होतं. त्यावर लिहिलेलं असे तेवढंच दूध मिळे, तेही रिकामी काचेची बाटली परत केल्यावरच. म्हणून रात्री बाटली विसळून पिशवीत ठेवणं हे घरातल्या थोरल्या पोराचं काम. ती फुटली की सकाळचा चहा आणि आईची बोलणी, दोन्हींची चिंता. बाटलीचं पातळ चंदेरी झाकण न फाटता काढायची कला मुलांना आपोआप यायची.

केंद्राच्या खिडकीमागे पुष्कळदा कॉलेजात शिकणारी मुलं-मुली असत. पहाटे बाटल्या मोजायच्या, हिशेब जुळवायचा आणि तिथूनच पहिल्या लेक्चरला पळायचं. कित्येक चाळींतलं पहिलं पदवीचं शिक्षण या पहाटेच्या कमाईवर झालं. मुंबईच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या खिडक्यांची दखल घ्यायलाच हवी.

महाग दूध गरिबाला कसं परवडावं, यावर खुरोडींनी 1946 मध्येच उत्तर शोधलं होतं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची. हेच टोन्ड दूध. 1963 मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण आरेत अंधारात उठणारी पहिली माणसं गवळी नव्हेत. वसाहत यायच्या कितीतरी आधीपासून वारली, मल्हार कोळी, कोकणा, काटकरी कुटुंबं इथे राहतात. केलटीपाडा, खांबाचा पाडा असे 27 पाडे आज सांगितले जातात. शहराला दूध गेलं, जवळच चित्रनगरीत लखलखाट झाला, तरी कित्येक पाड्यांवर वीज पोहोचायला दशकं लागली. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी एका रात्रीत झाडं पडू लागली. 2,141 झाडं गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने कुऱ्हाड थांबवली. त्या वेळी साऱ्या देशाला आरे कळली. पाडे मात्र तेव्हाही बातमीच्या कडेला राहिले, हे मनाला लागतं.

या माणसांकडे एक विद्या आहे. बिबट्याच्या वाटेवर राहायचं कसं, ही. संध्याकाळी पोरं अंगणाबाहेर नाहीत. झाडीत एकट्याने वाकून बसायचं नाही. चालताना बोलत, काठी आपटत जायचं. जनावराला आपली चाहूल द्यायची, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. 2004 मध्ये आरेला लागून असलेल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ले वाढले आणि पिंजरे लावून बिबटे हलवण्याची मागणी जोर धरू लागली. अभ्यासकांना हळूहळू दिसलं, की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्याने प्रश्न वाढतो. 2011 मध्ये वन विभागाने मुंबईकरांना सोबत घेऊन मोहीम सुरू केली. तिने वस्त्यांना सांगितलं ते असं: कचरा उघडा टाकू नका, त्याने कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधारात एकटे फिरू नका. यातलं निम्मं पाड्यावरच्या आजीने आधीच सांगितलं असतं. 2018 च्या मोजणीत उद्यान आणि परिसरात 47 बिबटे कॅमेऱ्यांत आले. या सोबतीची किंमतही आहे. आरेत माणसं जखमी झाली, लहान मूल गेलं, आणि ते दुःख पाडे विसरलेले नाहीत.

तरीही वाघोबाचं, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या देवाचं, ठाणं कुणी मोडत नाही. दिवाळीच्या तोंडावर ज्या तिथीला मराठी घरांत गाय-वासराची पूजा होते, ती तिथी आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबापुढे नारळ फुटतो, नैवेद्य ठेवला जातो, लेकराबाळांची आणि गुराढोरांची राखण मागितली जाते. मग दुसऱ्या पहाटे, अजून अंधार असतानाच, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पाड्यातल्या बाया गोरेगावच्या बाजाराकडे निघतात. तिघी-चौघी एकत्र, मोठ्याने बोलत.