भारतातील अतिरिक्त युद्धसामग्रीची विल्हेवाट

दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात उरलेली अमेरिकी व ब्रिटिश लष्करी मालमत्ता विकण्याच्या, हस्तांतरित करण्याच्या किंवा मोडीत काढण्याच्या सरकारी प्रक्रियेस अतिरिक्त युद्धसामग्रीची विल्हेवाट असे म्हणतात. विमाने, ट्रक, जीप, यंत्रे, सुटे भाग आणि लष्करी बराकी यांचा या मालमत्तेत समावेश होता.

पार्श्वभूमी

चीन-ब्रह्मदेश-भारत या युद्धक्षेत्रासाठी कलकत्ता, आसाम व कराची येथे अमेरिकेने मोठे साठे केले होते. हा माल परत नेणे खर्चिक होते. शिवाय तो मायदेशी विकल्यास तेथील कारखान्यांची मागणी घटण्याची भीती होती. त्यामुळे १९४४ च्या 'अतिरिक्त मालमत्ता कायद्या'नुसार तो जेथे होता तेथेच विकण्यावर भर देण्यात आला.

१९४६ चा करार

१६ मे १९४६ रोजी अमेरिका व भारत सरकार यांच्यात करार झाला. त्याद्वारे 'लेंड-लीज' योजनेचा हिशेब मिटवून अतिरिक्त मालमत्ता भारत सरकारकडे सोपवण्यात आली. अशा मालाच्या विक्रीशी संबंधित यंत्रणा पुढे 'पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालया'त सामावली गेली. हे महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले.

परिणाम

विमानवाहतूक: युद्धातील डाकोटा विमाने स्वस्तात मिळाल्याने अनेक खासगी विमान कंपन्या उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ब्रिटिश हवाई दलाने कानपूर येथे निकामी करून सोडलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने दुरुस्त केली. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली.

निर्वासितांचे पुनर्वसन: ठाणे जिल्ह्यातील कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही 'कॅम्प' आणि क्रमांक यांनीच ओळखले जातात.

शिक्षण: युद्धाने खचलेल्या अनेक देशांकडे माल घेण्यास पुरेसे डॉलर नव्हते. म्हणून सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९४६ रोजी मूळ कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्थानिक चलनातील विक्रीची रक्कम शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरण्याची मुभा मिळाली. भारताने २ फेब्रुवारी १९५० रोजी तसा करार केला. फुलब्राइट शिष्यवृत्तीचा भारतातील आरंभ या करारापासून झाला.