शहराचा खर्च का वाढतो?

मालमत्ता कराचे वाढीव बिल आले की आपण सरळ म्हणतो, "पालिकेने पैसे उधळले!" कधी कधी ते खरेही असते. पण उधळपट्टी नसतानाही शहराचा खर्च वाढतो. तो का, हे समजायला न्यूयॉर्कचा इतिहास पाहा.

१९६७ साली विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने शहरांच्या संकटाचे एक साधे कारण मांडले. कारखान्यात नवे यंत्र आले की तोच कामगार जास्त माल काढतो. त्यामुळे त्याचा पगार वाढला तरी माल महागतोच असे नाही. शिक्षकाचे तसे नसते. एका वर्गात ३० मुले शिकवणारा शिक्षक पुढच्या पिढीतही साधारण तेवढीच शिकवतो. पगार मात्र बाहेरच्या पगारांबरोबर वाढवावा लागतो. नाहीतर शिकवायला येणार कोण? पोलीस, नर्स, अग्निशमन दलाचे जवान यांचेही तेच. आणि पालिकेचा कारभार मुख्यतः अशाच कामांचा.

न्यूयॉर्कमध्ये आणखी दोन गोष्टींची भर पडली. गरिबांना द्यायच्या मदतीचा आणि त्यांच्या औषधपाण्याचा बराच वाटा तिथे शहराच्या तिजोरीवर पडत असे. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांवर तो भार नव्हता. त्याच काळात कारखाने आणि मध्यमवर्ग शहर सोडत होते. १९७० साली सुमारे ७९ लाख असलेली लोकसंख्या १९८० पर्यंत ७१ लाखांवर आली. दुसरी गोष्ट कर्जाची. रोजचा खर्च भांडवली खर्चाच्या खात्यात दाखवून शहर त्यासाठी कर्ज काढत राहिले. १९७५ मध्ये बँकांनी हात आखडता घेतला आणि शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले.

मग कात्री कुठे लागली? हजारो पोलीस आणि शिक्षक कामावरून कमी झाले. १८४७ सालापासून चालत आलेले शहराचे मोफत उच्च शिक्षण १९७६ साली संपले. हिशेबातली लबाडी पालिकेची होती. किंमत मोजली ती फी भरणे न परवडणाऱ्या मुलांनी.

तुमच्या गावच्या अर्थसंकल्पावर वाद होईल तेव्हा आधी एवढे विचारा: ही वाढ पगारांची आहे, वरच्या सरकारने ढकललेल्या भाराची आहे, की लपवलेल्या कर्जाची? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.