जनुकीय प्ररूपण, क्षयजंतूंचे
क्षयजंतूंचे वाण डीएनएमधील फरकांवरून ओळखण्याची पद्धत. दोन रुग्णांच्या बेडक्यातील जंतूंचे ठसे जुळल्यास संसर्गाची साखळी एकच असण्याचा संभव वाढतो. बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडला, तर जुनाच जंतू उसळला की नवा लागला, हेही त्यावरून ठरवता येते. स्पोलिगोटायपिंग या प्ररूपणाच्या एका प्रकारात डीएनएचे ४३ ठरावीक तुकडे तपासतात : असलेला तुकडा फिल्मवर काळा ठिपका उमटवतो, नसलेल्याची जागा कोरी राहते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधील संशोधकांचा मुंबईतील जंतूंवरील असा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्य आशियाई वाण ठळकपणे आढळला. सुमारे ४४ लाख अक्षरांचा संपूर्ण जीनोम वाचल्यास स्पोलिगोटायपिंगहून बारीक भेद कळतात.