कलगीतुऱ्यांतील शीघ्रकवन व त्याचें जतन

दोन पुढाऱ्यांत वाद जुंपला कीं वर्तमानपत्रें 'कलगीतुरा रंगला' असें छापतात. शब्द उरला, ज्या व्यवहारावरून तो आला त्याची ओळख मात्र पुष्कळांस राहिलेली नाहीं, म्हणून हें टिपण.

तुरेवाले शिवास म्हणजे ब्रह्मास श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीस म्हणजे मायेस. डफ, तुणतुणें, झांज घेऊन दोन फड समोरासमोर ठाकत. एकानें भेदिक लावणींत पुराणांतलें वा वेदान्तांतलें कूट घालावें आणि दुसऱ्यानें त्याचा जबाब तेथल्या तेथें जुळवून गावा, असा दंडक. झीलकरी ध्रुपद घोळवीत, तेवढीच काय ती शाहिरास उसंत! या विद्येस जातीचा अटकाव नव्हता. शाहिरांत रामजोशी व अनंतफंदी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, तर सगनभाऊ मुसलमान. मेवाड-माळव्याकडेहि 'तुर्रा-कलंगी' आहे. तिचा उगम तुकनगीर गोसावी व शहाअली फकीर यांच्या वादांत सांगतात. ही कथा आम्ही दंतकथेपलीकडे मानीत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. ॲकवर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं निघाला, य. न. केळकरांचा १९२८ सालीं. हे उपकार थोर खरे. परंतु संग्राहकाच्या हातीं लागतें तें पाठ झालेलें, बाडांत उतरलेलें कवन. आयत्या वेळीं सुचलेला जबाब ज्या रात्रीं गाइला त्याच रात्रीं विरला. शिवाय सवाल एका फडाच्या बाडांत, जबाब प्रतिपक्षाच्या. आणि बाड परक्यास दाखविण्याची रीत नाहीं. त्यामुळें छापील लावणी वाचतांना आपण अर्धेंच संभाषण ऐकत असतों. असल्या कवनास सन-शक नाहीं, तेव्हां इतिहासास त्याचा उपयोग काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. अक्षरशत्रु श्रोते वेदान्ताचे कूट रात्रभर ऐकत, ही गोष्ट कोणत्या दप्तरांतून कळणार?

सुदैवानें रत्नागिरीकडे शक्तितुऱ्याच्या बाऱ्या अद्यापि होतात, आणि कोंकणी चाकरमान्यांमुळें मुंबईच्या नाट्यगृहांतहि. ध्वनिमुद्रणाचें यंत्र आतां ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. पण निवडक गाणें तेवढें टिपून घेतात व मधली अडखळ, श्रोत्यांची हुर्यो, चुकलेला चरण गाळतात. तसें करूं नये. बारी आरंभापासून अखेरपर्यंत घ्यावी. गांव, तिथि, चाल, कोणी पुसलें व कोणी उत्तरलें हें लिहावें. आणि दोन्ही फडांनीं संमति दिल्यास त्यांच्या बाडांच्या नकला एकाच रुमालांत बांधाव्या.