खेळांच्या नियमपुस्तकातील सूची

खेळांच्या नियमपुस्तकातील सूची म्हणजे पुस्तकात विखुरलेले नियम, संज्ञा व कोष्टके कोणत्या पृष्ठांवर आहेत हे वर्णानुक्रमे सांगणारी यादी होय. ती बहुधा पुस्तकाच्या शेवटी असते. नियमपुस्तक एकदा सलग वाचले जाते. पुढे मात्र ते खेळ चालू असताना, शंका किंवा वाद उपस्थित झाल्यावर उघडले जाते. त्या वेळी हवा तो नियम सापडला नाही, तर आठवणीवर निर्णय द्यावा लागतो. त्यामुळे लिखित नियम प्रत्यक्षात लागू होतो की नाही, हे बऱ्याच अंशी पुस्तकाच्या मांडणीवर अवलंबून असते.

अनुक्रमणिका आणि सूची

अनुक्रमणिका प्रकरणांचा क्रम दाखवते. सूची वाचकाच्या प्रश्नापासून सुरू होते. अनुक्रमणिकेचा उपयोग होण्यासाठी नियम कोणत्या प्रकरणात असेल याचा अंदाज असावा लागतो. सूचीसाठी केवळ शब्द आठवणे पुरते. म्हणून चांगल्या सूचीत अधिकृत संज्ञेबरोबर रूढ शब्दही घेतात आणि ‘पाहा’ असा निर्देश करून वाचकाला मूळ नोंदीकडे नेतात. मात्र अशा निर्देशाऐवजी तेथेच पृष्ठक्रमांक दिल्यास वाचकाचा एक हेलपाटा वाचतो.

कबड्डीचे उदाहरण

कबड्डीच्या क्रीडांगणाच्या दोन्ही बाजूंस १ मीटर रुंदीच्या पट्ट्या असतात. त्यांना राखीव क्षेत्र म्हणतात. झटापट होण्यापूर्वी तेथे गेलेला खेळाडू बाद ठरतो. झटापट सुरू झाल्यावर तेच क्षेत्र क्रीडांगणाचा भाग बनते. म्हणजे एकाच संज्ञेचा संबंध मैदानाची मापे, व्याख्या, बाद होण्याचे नियम आणि झटापटीचे नियम या चारही ठिकाणी येतो. केवळ व्याख्या वाचणाऱ्याला अर्धाच नियम कळतो. ‘राखीव क्षेत्र’ या एका नोंदीखाली चारही स्थळे देणे हे सूचीचे काम आहे.

भूमिकाखेळांची नियमपुस्तके

भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग मांडतो आणि अनिश्चित कृतींचा निकाल बहुधा फाशांवर लागतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन पुस्तिकांच्या रूपात निघाला. पुढे या खेळाचे नियम शेकडो पृष्ठांचे झाले आणि मांडणीचा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

१९७८ च्या खेळाडू-पुस्तकात मंत्र पात्राच्या वर्गानुसार व पातळीनुसार लावले होते. नवा मंत्र निवडताना ही रचना सोयीची होती. परंतु नाव ठाऊक असलेला मंत्र शोधताना त्याची पातळीही आठवावी लागे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व मंत्रांची वर्णने वर्णानुक्रमे दिली आणि वर्ग व पातळीनुसार याद्या वेगळ्या ठेवल्या. त्यामुळे दोन्ही गरजा भागल्या.

१९८९ साली याच खेळातील राक्षसांची माहिती सुट्या पानांच्या फाइलमध्ये देण्यात आली. नवी पाने योग्य जागी घालता यावीत, हा हेतू होता. परंतु अनेक पानांच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळे राक्षस छापलेले असल्याने नव्या पानांची भर पडताच वर्णक्रम बिघडे. १९९३ मध्ये त्याऐवजी बांधीव ग्रंथ काढण्यात आला.

मराठी परंपरा

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम तयार केले. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त देशी खेळ व व्यायामप्रकारांची माहिती संकलित झाली. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त सूचीसाठी स्वतंत्र विभाग आहे.

शोधण्याच्या सोयीचा हाच विचार प्राचीन ग्रंथांच्या संपादनातही दिसतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील अर्धमागधीचे प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनी प्राकृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या संपादित केल्या. अशा आवृत्त्यांच्या शेवटी गाथांच्या आरंभीच्या शब्दांची सूची देतात. कारण अभ्यासकाला गाथेचा क्रमांक नव्हे, तर आरंभ आठवत असतो.

वर्णक्रमाचे प्रश्न

मराठी सूचीकाराला काही निर्णय आधी घ्यावे लागतात. अनुस्वारयुक्त अक्षर साध्या अक्षराच्या आधी लावायचे की नंतर, क्ष व ज्ञ वर्णमालेच्या शेवटी घ्यायचे की क व ज यांच्या जोडाक्षरांत, ळ कोठे ठेवायचा, याविषयी सर्व कोशांत एकच पद्धत नाही. संगणकाच्या युनिकोड क्रमात क्ष हे जोडाक्षर क मध्ये जाते. स्वीकारलेली पद्धत सूचीच्या आरंभी नोंदवणे म्हणून आवश्यक असते.

संगणकीय शोध

अंकीय पुस्तकात शब्द थेट शोधता येतो; तरीही सूची निरुपयोगी ठरत नाही. शोधयंत्रणा शब्दाची सर्व स्थळे दाखवते, त्यांपैकी नियम सांगणारे स्थळ कोणते हे निवडत नाही. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते. ‘निदानरेषा’ हा शब्द अक्षरशः शोधल्यास ‘निदानरेषेला’ किंवा ‘निदानरेषेवर’ असे उल्लेख सापडत नाहीत. सूचीकार मात्र ही सर्व रूपे एकाच नोंदीखाली आणतो.