उपभोग संस्कृती आणि जीवनशैली-परिवर्तनाच्या मर्यादा : पुणे व धायरी परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

उपभोग संस्कृतीची चर्चा मराठीत बहुधा ‘चंगळवाद’ या शब्दाने सुरू होते. त्यामुळे हा प्रश्न व्यक्तीच्या नीतीचा ठरतो आणि संयम हाच त्यावरील उपाय मानला जातो. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रतिष्ठेसाठी होणाऱ्या उपभोगाची मीमांसा केली, तिचाही आधार यासाठी घेतला जातो. परंतु सर्वच उपभोग हौसेचा नसतो. निश्चय असूनही जीवनशैली का बदलत नाही, हा प्रश्न प्रस्तुत लेखात पुण्याच्या इतिहासाच्या आधारे तपासला आहे.

स्वदेशीचा अनुभव

वस्तूंच्या वापराविषयी सामुदायिक निश्चय करण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे. १८४८ पासून ‘प्रभाकर’मधून प्रसिद्ध झालेल्या शतपत्रांत लोकहितवादींनी देशी मालाच्या वापराचा विचार मांडला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी खादीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते त्याच वेषात उपस्थित राहिले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली.

या प्रयत्नांचे नैतिक तेज निर्विवाद आहे. तथापि, कापड जाळण्यास एक संध्याकाळ पुरते. त्याच्या जागी परवडणारे कापड वर्षानुवर्षे उपलब्ध करून देण्यास उत्पादनाची व्यवस्था लागते. याची जाण पैसा फंडाच्या चळवळीत दिसते. लोकांकडून अल्प वर्गणी गोळा करून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. येथे त्यागाच्या आवाहनास उत्पादनाची आणि प्रशिक्षणाची जोड मिळाली. मात्र एक भेद लक्षात घेतला पाहिजे. स्वदेशीने मुख्यतः वस्तूचे उगमस्थान बदलण्यास सांगितले. आज अपेक्षा आहे ती वस्तूंचे प्रमाणच कमी करण्याची. ती अधिक कठीण आहे.

सायकलीकडून दुचाकीकडे

एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पेठा, बाजार, शाळा व कचेऱ्या यांतील अंतरे सायकलीच्या आवाक्यातील होती. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकसाठी ग्राहकांना काही वर्षे थांबावे लागे. ही टंचाई परवाना पद्धतीने मर्यादित केलेल्या उत्पादनातून निर्माण झाली होती. १९९१ नंतर निर्बंध शिथिल झाले, कर्ज सुलभ झाले आणि प्रतीक्षा संपली.

परंतु दुचाकी केवळ विकली गेली नाही. तिने शहराचा आकार बदलण्यास हातभार लावला. सिंहगड रस्त्यालगतचे धायरी हे शेतीप्रधान गाव पाहता पाहता निवासी उपनगर झाले. मध्यवस्तीतील घरांच्या किमती न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांना येथे घर घेणे शक्य झाले, कारण हाताशी वाहन होते. घर एका टोकाला आणि नोकरी हिंजवडीसारख्या दुसऱ्या टोकाला, अशी रचना एकदा रुळली की वाहन सोय न राहता अपरिहार्य गरज ठरते. शहरात २००६ मध्ये जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला व २००७ मध्ये पीएमपीएमएल स्थापन झाली. परंतु तोवर वस्तीची आणि सवयींची घडी वाहनाभोवती बसू लागली होती. गरज वस्तूला जन्म देते, हे अर्धसत्य आहे. वस्तूही गरजेला जन्म देते.

या जीवनशैलीचा भार समान वाटला जात नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्या ११ गावांचा महापालिकेत समावेश झाला, त्यांत धायरीबरोबर फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावेही होती. पुण्याचा कचरा या दोन गावांनी दीर्घकाळ सोसला होता. उपभोग एका ठिकाणी आणि त्याचे अवशेष दुसऱ्या ठिकाणी, यामुळे उपभोक्त्याला आपल्या सवयीची किंमत दिसतच नाही.

समारोप

वरील विवेचनावरून व्यक्तीचा निश्चय निरर्थक ठरत नाही. सार्वजनिक काकांचे व्रत नसते, तर पुढील पिढीला दिशा मिळाली नसती. तथापि, व्रताला व्यवस्थेचा आधार मिळाला नाही तर ते मूठभरांपुरते उरते. धायरीतील रहिवाशाला वाहन सोडण्याचा उपदेश करण्यापूर्वी भरवशाची बस, चालण्याजोगा रस्ता आणि घराजवळ रोजगार यांची मागणी व्हावयास हवी. चैनीचा उपभोग आणि लादलेला उपभोग यांतील हा भेद आपण वर्गात स्पष्ट केला नाही, तर पर्यावरणाचे शिक्षण हे केवळ अपराधभावाचे शिक्षण ठरेल.