कपाटाची किल्ली

परवा नातीच्या आठव्या वाढदिवसाला मुलाने तिच्यासाठी ई-रीडर आणला. "आई, तू जन्मभर मुलांना शिकवलंस, तूच लावून दे," असं म्हणून तो ऑफिसला निघून गेला. मी चष्मा पुसला आणि बसले.

वायफाय जोडलं. नातीचं खातं उघडलं. एक पीडीएफ घालून पाहिली तर अक्षरं मुंगीएवढी! पीडीएफचं पान छापील पानासारखं ठाम असतं, ईपबमधला मजकूर मात्र अक्षर मोठं केलं की पडद्याप्रमाणे नव्याने मांडला जातो, हे सत्तरीत कळलं. मग प्रश्न आला : पालकांसाठी कुलपाचा आकडा ठरवा. तिथे माझा हात थांबला.

कुलूप-किल्लीचं आणि माझं जुनं नातं आहे.

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्राथमिक शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, खेळणी, पुस्तकं असं साहित्य मिळावं, हा हेतू. आमच्याही शाळेत पुस्तकं आली. मी ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. कारण साधं होतं. पुस्तक हरवलं तर भरपाई माझ्या पगारातून, आणि तपासणीला साहेब आले की संख्या जुळायला हवी. एकदा तिसरीतली एक मुलगी मधल्या सुटीत आली. म्हणाली, "बाई, ते चित्राचं पुस्तक घरी नेऊ?" मी म्हटलं, "फाडशील गं." पुन्हा तिने कधी विचारलं नाही. तपासणीत माझी संख्या बरोबर जुळली, शेराही चांगला मिळाला. पुस्तकं मात्र कोरी राहिली.

तसं पाहिलं तर मराठी मुलासाठी पुस्तक ही वस्तूच फारशी जुनी नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीति' १८२८मधली, तीही भाषांतरित. १८३१मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९चा. देवनागरीचे सुबक खिळे पाडणं, त्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या बसवणं, हे काम किती चिकाटीचं असेल! पाठ्यपुस्तकांची बालभारती तर १९६७मध्ये स्थापन झाली.

पुढचा प्रवास संगणकावरचा. १९७१मध्ये अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला. १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. नोव्हेंबर २००७मध्ये ॲमेझॉनचं किंडल ३९९ डॉलरला आलं. त्याचा पडदा टीव्हीसारखा पाठीमागून उजळत नाही. सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण विजेने वर-खाली होतात आणि पान उलटलं की तसेच थांबतात. म्हणून डोळ्यांना कागदासारखं वाटतं आणि बॅटरीही पुष्कळ दिवस पुरते. २०१६मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांचं दालन उघडलं.

पण कुलूप इथेही आहेच. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलचं '१९८४' लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलं होतं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत केले, नंतर कंपनीने माफीही मागितली. तरी घरात आलेलं पुस्तक रातोरात नाहीसं होऊ शकतं, हे जगाला तेव्हा समजलं. फेब्रुवारी २०२५मध्ये विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये घालायची सोयही त्यांनी बंद केली. आपण घेतो तो बहुधा वाचण्याचा परवाना असतो. माझ्या वडिलांची पुस्तकं माझ्याकडे आली, तशी ही नातीकडून पुढे कुणाकडे जातील याची खात्री नाही.

यावर थोडा उपाय आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११पासून सर्वांची झाली. अशी मुक्त पुस्तकं मी आधी भरली आणि त्यांची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली.

आता राहिला तो आकडा. दुकान आणि इंटरनेट यांना कुलूप लावलं. आठ वर्षांच्या मुलीला ते हवंच. आतली पुस्तकं मात्र सगळी उघडी ठेवली. काही तिच्या वयाला जड आहेत. ती म्हणाली, "आजी, हे मला कळणार नाही." मी म्हटलं, "नाही कळलं तर बंद कर. विचारायला येऊ नकोस."

तिसरीतली ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली असेल. तिला आठवतही नसेल. मला आठवतं.

असो. तुमच्या शाळेतल्या कपाटाची किल्ली कुणाकडे होती?